सीग्रुप कंट्रोलरचा वरखर्च आणि स्थिरता कशी मोजायची: नव्यांसाठी पायरीपायरीने

"मेमरी कंट्रोलर लावला की मशीन किती मंदावतं?" हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी दोन तासांत उत्तर काढलं होतं. (सीग्रुप म्हणजे लिनक्समधला प्रोसेसचा गट, कंट्रोलर म्हणजे त्या गटाच्या मेमरीचा किंवा सीपीयूचा हिशेब ठेवून मर्यादा लावणारा कर्नलचा भाग, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि वरखर्च म्हणजे त्या हिशेबापायी पडणारं जादा काम.) आधी सीग्रुपच्या बाहेर कर्नल कंपाइल केला आणि वेळ लिहून ठेवली. मग तेच काम सीग्रुपमध्ये टाकून केलं आणि ती वेळही लिहिली. निष्कर्ष निघाला की सीग्रुपमध्ये काम जास्त वेगाने होतं. हिशेब ठेवायचं काम वाढलं आणि वेळ मात्र कमी झाली, हे होऊच शकत नाही. दोन दिवस डोकं खपवल्यावर उलगडा झाला. पहिल्या वेळी सोर्सच्या फाइली डिस्कवरून आल्या होत्या, दुसऱ्या वेळी त्या आधीच पेज कॅशमध्ये, म्हणजे वाचलेल्या फाइली मेमरीत ठेवायच्या जागेत होत्या. मी मोजला होता तो डिस्कचा वेग. कंट्रोलरचा त्यात काही संबंधच नव्हता.

या लेखात लिनक्सचे सीग्रुप, त्यांची दुसरी आवृत्ती आणि मुख्यतः मेमरी व सीपीयू हे दोन कंट्रोलर घेतले आहेत. कंटेनर चालवणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली हेच असतात. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं. जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये सीग्रुप आले आणि पुढच्याच २.६.२५ मध्ये आयबीएमच्या बलबीर सिंग यांनी लिहिलेला मेमरी कंट्रोलर आला. वरखर्चाचा वाद तेव्हापासूनचा आहे. डेबियनने तर बराच काळ मेमरी कंट्रोलर कर्नलमध्ये ठेवूनही बूट करताना बंदच ठेवला होता. मुद्दाम सांगितलं नाही तर तो चालू होत नसे.

एक सूचना: फाइलींची, कमांडची आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ रोमन स्पेलिंगमध्ये टाइप करायची. टिंब आणि खालची रेघ जिथे दिसते तिथेच द्यायची.

१. आधी प्रश्न नेमका करा

"कंट्रोलरचा वरखर्च" असं मोघम म्हटलं की त्यात चार-पाच निरनिराळ्या गोष्टी येतात. नवीन माणूस अडकतो तो इथेच. कागदावर या पाच अवस्था लिहा:

अ – कंट्रोलर बूट करतानाच बंद केलेला.
आ – कंट्रोलर चालू, पण प्रोसेस मुळाच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या सीग्रुपमध्ये.
इ – प्रोसेस पोटातल्या सीग्रुपमध्ये, मर्यादा काहीच नाही.
ई – मर्यादा आहे, पण वापर तिच्या जवळपासही जात नाही.
उ – वापर मर्यादेला टेकलेला.

खरा वरखर्च म्हणजे 'अ' आणि 'इ' यांतला फरक. पुष्कळ जण 'आ' आणि 'इ' यांची तुलना करतात. तीही उपयोगी आहे, पण तिचं उत्तर वेगळ्या प्रश्नाचं असतं. मुळाच्या सीग्रुपला मर्यादा लावताच येत नाही, म्हणून तिथल्या प्रोसेसच्या पानांची (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांची) मर्यादेसाठीची मोजणी कर्नल टाळतो. 'इ' आणि 'ई' यांत मेमरी कंट्रोलरच्या बाबतीत जवळपास फरक दिसू नये, कारण दोन्हीकडे आकडा वाढवून मर्यादेशी ताडून बघायची वाट एकच आहे. इथे मोठा फरक दिसला तर आधी स्वतःच्या मोजमापावर शंका घ्या.

'उ' हा वरखर्चच नाही. तिथे कर्नल पानं परत मिळवतो, प्रोसेसला थांबवतो, वेळ पडली तर मारतो. कंट्रोलर लावला तो त्यासाठीच. 'उ'चे आकडे वरखर्च म्हणून सांगितलेले मी कितीदा पाहिले आहेत, आणि त्यावरून कंट्रोलरच काढून टाकायचे निर्णय झालेलेही पाहिले आहेत. याचं वाईट वाटतं, कारण त्या लोकांना मर्यादा बदलून भागलं असतं.

२. काय काय लागेल

- एक खरं मशीन. क्लाउडवरचं भाड्याचं व्हर्च्युअल मशीन सरावाला ठीक आहे, पण तिथे शेजारचा भाडेकरू तुमचा सीपीयू कधी खाईल ते तुमच्या हातात नसतं. नाइलाज असेल तर 'स्टील' (असा दुसऱ्यांनी खाल्लेला सीपीयूचा वेळ) हा आकडा प्रत्येक रीडिंगसोबत नोंदवा.
- दुसरं एखादं साधं मशीन, पहिल्याचा लॉग साठवायला. का, ते नवव्या पायरीत.
- कर्नलचा सोर्स आणि तुमच्या चालू कर्नलची कॉन्फिग फाइल.
- मोजायची आणि मशीनवर ताण टाकायची साधनं: 'परफ', 'फायो', 'स्ट्रेस-एनजी', 'हॅकबेंच', 'विल-इट-स्केल', 'सीपीयूपॉवर' आणि 'टास्कसेट'.
- रूटचा अधिकार, आणि मशीन पाहिजे तेव्हा रीबूट करायची मोकळीक. टीममधल्या सगळ्यांचं मशीन असेल तर आधी त्यांना सांगून ठेवा. स्थिरतेच्या चाचणीत ते कोलमडूही शकतं.
- एक वही किंवा साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक रीडिंगसमोर कर्नलची आवृत्ती, बूट पर्याय, वेळ आणि तापमान लिहायला.

३. मशीन शांत करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घातलेला एक तास पुढचे दोन दिवस वाचवतो.

सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स' करा आणि टर्बो (थोडा वेळ मिळणारा जादा वेग) बंद करा. इंटेलवर 'इंटेल_पीस्टेट' डिरेक्टरीतल्या 'नो_टर्बो' फाइलमध्ये १ लिहायचा. इतर बऱ्याच मशीनवर 'सीपीयूफ्रेक' खालच्या 'बूस्ट' फाइलमध्ये ० लिहायचा. टर्बो चालू असला की थंड मशीनवरची पहिली दोन रीडिंग उगाचच चांगली येतात. हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन थ्रेड एकदम चालवणं) 'एसएमटी/कंट्रोल' फाइलमधून बंद करता येतं. चालू ठेवणार असाल तर दोन्ही बाजूंना चालूच ठेवा.

मे महिन्यात एकदा माझी दुपारची रीडिंग सकाळपेक्षा सतत मागे पडत होती, आणि मी ती चुकून कंट्रोलरच्या खात्यावर मांडत होतो, कारण सकाळी 'अ' आणि दुपारी 'इ' असा माझा क्रम होता. मशीन खिडकीजवळ होतं. टर्बो बंद असूनही सीपीयू तापून स्वतःला आवरत होता. तेव्हापासून मी एका अवस्थेची सगळी रीडिंग एका दमात घेत नाही. अ, इ, इ, अ, परत अ, इ, इ, अ, असा क्रम ठेवतो. दिवसभरात मशीन हळूहळू तापलं तरी त्याचा परिणाम दोघांवर सारखा वाटला जातो.

पार्श्वभूमीची कामं थांबवा: आपोआप अपडेट करणारे टायमर, फाइलींची सूची करणारं 'अपडेटडीबी', ग्राफिकल डेस्कटॉप. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच मोजा.

आता बूटबद्दल. कर्नल प्रत्येक बूटला स्वतःला मेमरीत वेगळ्या जागी बसवतो आणि त्यानेही आकडे थोडे हलतात. 'नोकेएएसएलआर' पर्याय देऊन हे थांबवता येतं. तरी एका बूटमध्ये घेतलेली वीस रीडिंग म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. प्रत्येक अवस्थेसाठी निदान पाच वेळा रीबूट करा आणि दर बूटला पाच-सात रीडिंग घ्या.

४. प्रोसेस नेमकी कुठे बसली आहे ते बघा

'/सिस/एफएस/सीग्रुप' वर कोणती फाइल सिस्टीम आहे ते 'स्टॅट' कमांडने बघा. 'सीग्रुप२एफएस' आलं तर दुसरी आवृत्ती. 'टीएमपीएफएस' आलं तर जुनी किंवा मिश्र मांडणी. फेडोरा ३१, डेबियन ११, उबुंटू २१.१० आणि रेड हॅट ९ पासून दुसरी आवृत्ती आपोआप मिळते.

यानंतरचा सापळा मोठा आहे. '/प्रॉक/सेल्फ/सीग्रुप' वाचा. सिस्टीमडी (बूट झाल्यावर सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) असलेल्या मशीनवर तुमची शेल आधीच 'यूजर.स्लाइस' च्या पोटात दोन-तीन पातळ्या खोल बसलेली दिसेल. म्हणजे "सीग्रुपच्या बाहेर" म्हणून घेतलेलं रीडिंग बाहेरचं नसतंच. 'आ' अवस्था खरोखर हवी असेल तर शेलचा पीआयडी मुळाच्या 'सीग्रुप.प्रॉक्स' मध्ये लिहा आणि परत वाचून खात्री करा.

स्वतःचा सीग्रुप करणं सोपं आहे. 'एमकेडिर' ने डिरेक्टरी करायची आणि पालकाच्या 'सीग्रुप.सबट्री_कंट्रोल' मध्ये '+मेमरी +सीपीयू' लिहायचं. इथे "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" आलं तर घाबरू नका. दुसऱ्या आवृत्तीचा नियम असा की मूळ सोडून कोणत्याही सीग्रुपने मुलांना असे कंट्रोलर वाटायचे असतील तर त्याच्या स्वतःत प्रोसेस असता कामा नये. सीग्रुपचं झाड मानलं तर प्रोसेस टोकाच्या पानांत (मेमरीच्या नव्हे, झाडाच्या), फांद्या रिकाम्या. आधी प्रोसेस मुलांकडे हलवा, मग कंट्रोलर द्या.

'अ' अवस्थेसाठी बूट पर्यायांत 'सीग्रुप_डिसेबल=मेमरी' द्यायचं. या पर्यायापुढे 'सीपीयू' लिहिलं तरी कर्नल तक्रार करत नाही, आणि म्हणून लोक फसतात. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं आहे की वरखर्च खऱ्या अर्थाने कमी होतो तो मेमरीच्याच बाबतीत. बाकीच्या कंट्रोलरचा नुसता वापर बंद होतो, आतला कोड तसाच चालतो. सीपीयू कंट्रोलरचा 'अ' हवा असेल तर कॉन्फिगमधून तो काढून वेगळा कर्नल बांधावा लागतो. त्यात आणखी एक अडचण आहे. दोन वेगळ्या बांधणींत फंक्शनच्या जागा सरकतात, कॅशच्या ओळींवर ती वेगळी बसतात, आणि काही संबंध नसलेल्या बेंचमार्कचा आकडाही हलतो. त्यामुळे अशा तुलनेतल्या एखाद्या टक्क्यावर मी कधीच विसंबत नाही.

५. कोऱ्याविरुद्ध कोरं

कंट्रोलरला हात लावण्याआधी एकच अवस्था, समजा 'अ', दोन वेगळी नावं देऊन मोजा. अ१ आणि अ२. तोच क्रम, तीच रीबूट, सगळं खऱ्या चाचणीसारखं. या दोघांत काहीही फरक नाही हे तुम्हाला माहीत आहे. तरी आकड्यांत फरक येईल. तो फरक म्हणजे तुमच्या मोजपट्टीची जाडी.

समजा अ१ चा मध्यक ४.०५ सेकंद आला आणि अ२ चा ४.०९. हा जवळपास एक टक्क्याचा फरक हवेतून आलेला आहे. उद्या 'इ' चा मध्यक ४.०८ आला तर "कंट्रोलरमुळे पाऊण टक्का मंदावलं" असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. "एक टक्क्यापेक्षा मोठा फरक या पद्धतीने आढळला नाही" एवढंच म्हणता येतं. हे वाक्य फिकं वाटेल, पण खरं आहे आणि त्यावर दुसरा माणूस विसंबून पुढे जाऊ शकतो.

मला या कामातून कोणी एकच पायरी निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. नव्या लोकांना मी पहिला पूर्ण आठवडा हेच करायला लावतो. मोजपट्टी अर्ध्या टक्क्याच्या आत येईपर्यंत तिसऱ्या पायरीवर परत जायचं.

मोजपट्टी बारीक करायचा एक चांगला उपाय आहे. वेळेसोबत सूचनांची संख्याही मोजा. 'परफ स्टॅट' ला '-आर १०' दिलं की तो काम दहा वेळा चालवून सरासरी आणि विचलन सांगतो. त्यात 'इन्स्ट्रक्शन्स' हा आकडा तापमानाने किंवा वारंवारतेने सहसा हलत नाही. कंट्रोलरने वाट किती लांबवली ते तो वेळेपेक्षा खूप स्वच्छ दाखवतो. फक्त कॅश चुकण्याचा आणि कुलपापाशी (लॉकपाशी) ताटकळण्याचा खर्च त्यात पुरता दिसत नाही, म्हणून एकट्या त्याच्यावर निर्णय देऊ नका.

६. मेमरी कंट्रोलर मोजा

इथे खर्च येतो मुख्यतः दोन ठिकाणी: नवं पान कोणाच्या तरी खात्यावर टाकताना आणि आकडेवारी अद्ययावत ठेवताना. म्हणून भरपूर पेज फॉल्ट (पानाला पहिल्यांदा स्पर्श झाला की कर्नलने ते आणून देणं) होतील असं काम निवडायचं. 'विल-इट-स्केल' मधली 'पेज_फॉल्ट१' चाचणी यासाठीच आहे. ती १२८ एमबी मेमरी मागते, प्रत्येक पानाला स्पर्श करते, सोडून देते, परत मागते. खऱ्या आयुष्यात कोणताही प्रोग्रॅम असं वागत नाही, त्यामुळे इथे दिसलेला फरक ही वरची कमाल मानायची. सोबत एक खरं काम घ्या. कर्नल कंपाइल करणं हे जुनं आणि चांगलं काम आहे.

आधी 'ट्रान्सपरंट ह्यूज पेज' ची सेटिंग 'नेव्हर' करा. ती चालू असली की ४ केबीच्या ५१२ पानांऐवजी २ एमबीचं एकच मोठं पान खात्यावर पडतं आणि खर्च झाकला जातो. प्रत्यक्ष वापरात ती चालू असणार असेल तर वेगळी चाचणी घेऊन तसं लिहा.

एकाच कोरवर मोजून थांबू नका. कर्नल प्रत्येक पानागणिक सामाईक आकड्याला हात लावत नाही. दर सीपीयूसाठी तो थोडी पानं आगाऊ उचलून ठेवतो. बरीच वर्षं हा गठ्ठा ३२ पानांचा होता, पुढे ६४ झाला. त्यामुळे एका कोरवर फरक जेमतेम दिसतो. सगळे कोर एकाच सीग्रुपमध्ये पेज फॉल्ट करू लागले की तो सामाईक आकडा सगळ्यांच्या कॅशमध्ये इकडून तिकडे ओढला जातो, आणि खरा खर्च तेव्हा उघडा पडतो. १, २, ४, ८ असे सगळ्या कोरपर्यंत जा आणि आलेख काढा. सरळ रेघ कुठे वाकते ते बघा.

मग खोली मोजा. सीग्रुपमध्ये सीग्रुप, त्यात आणखी एक. १, ४ आणि ८ पातळ्या. पान खात्यावर टाकताना कर्नल वर मुळापर्यंत प्रत्येक पालकाचा आकडा वाढवत जातो. कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणा सहज चार-पाच पातळ्या करतात, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही.

फरक दिसलाच तर 'परफ रेकॉर्ड' दोन्ही अवस्थांत घ्या आणि 'परफ डिफ' ने ताडून बघा. 'ट्राय_चार्ज_मेमसीजी' आणि 'पेज_काउंटर_ट्राय_चार्ज' ही फंक्शन वर चढलेली दिसली तर तुमचा फरक खरा. ती कुठेच नसतील तर वेळ दुसरीकडे जाते आहे.

पेज कॅशचा सापळा इथे पुन्हा येतो. फाइलीचं पान ज्या सीग्रुपने पहिल्यांदा वाचलं त्याच्याच खात्यावर ते राहतं. तुम्ही आधी बाहेरून सोर्स चाळला असेल तर ती पानं बाहेरच्याच खात्यावर आहेत आणि तुमच्या सीग्रुपचा 'मेमरी.करंट' (सध्याचा वापर) कमी दिसणार. प्रत्येक रीडिंगआधी 'सिंक' करून '/प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस' मध्ये ३ लिहा. नाहीतर उलट करा, दोन्हीकडे एक फेरी वाया घालवून कॅश भरून घ्या. कोणतंही चालेल, पण दोन्ही बाजूंना तेच.

७. सीपीयू कंट्रोलर मोजा

यात दोन भाग आहेत. 'सीपीयू.वेट' वाटणी ठरवतो (१ ते १०,०००, आपोआप १००), 'सीपीयू.मॅक्स' कमाल ठरवतो. दोघांचा खर्च वेगळा मोजा.

वाटणीचा खर्च दिसतो प्रोसेस झोपताना-उठताना. 'परफ बेंच शेड पाइप' उत्तम आहे. दोन प्रोसेस एकमेकींना पाइपमधून दहा लाख निरोप देतात आणि एका निरोपाला किती मायक्रोसेकंद लागले ते शेवटी छापतात. 'टास्कसेट' ने दोघींना एकाच कोरवर बसवा, म्हणजे दर निरोपाला अदलाबदल होईलच. मग खोली वाढवत जा. शेड्युलर (कोणती प्रोसेस कधी चालेल ते ठरवणारा कर्नलचा भाग) प्रत्येक पातळीवर वेगळी रांग ठेवतो आणि झोपता-उठता पातळी-पातळीने चढतो-उतरतो. त्यामुळे पाइपचा आकडा खोलीसोबत चढताना दिसायला हवा. गर्दीसाठी 'हॅकबेंच' घ्या. नेहमीच्या मांडणीत तो दहा गटांत ४०० प्रोसेस उभ्या करतो.

'पीएसआय' म्हणजे ताणाची नोंद ठेवणारी सोय ४.२० पासून कर्नलमध्ये आहे, आणि तीही झोपण्या-उठण्याच्या वाटेवरच बसलेली आहे. एका बाजूला ती चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद राहिली तर तिचा खर्च कंट्रोलरच्या नावावर पडतो. बूट पर्यायांत 'पीएसआय=०' किंवा 'पीएसआय=१' स्पष्ट लिहून टाका.

'सीपीयू.मॅक्स' बद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे सरासरी आकडा सरळ फसवतो. त्या फाइलीत दोन आकडे असतात, कोटा आणि कालावधी. कालावधी आपोआप १,००,००० मायक्रोसेकंद, म्हणजे १०० मिलिसेकंद असतो. समजा कोटाही तेवढाच दिला, म्हणजे एका सीपीयूइतकं काम. आता तुमच्या प्रोग्रॅमचे दहा थ्रेड आहेत आणि ते दहा कोरवर एकदम धावले. पहिल्या १० मिलिसेकंदांत कोटा संपला. उरलेले ९० मिलिसेकंद दहाही थ्रेड गप्प. त्या क्षणी आलेल्या विनंतीला ९० मिलिसेकंद ताटकळावं लागतं. दर सेकंदाचं एकूण काम मोजलं तर सगळं ठीक दिसतं, वापरणाऱ्याला मात्र अडखळणारी सेवा मिळते. म्हणून इथे ९९ वा शतमक (शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत संपतात ती वेळ) मोजा, आणि 'सीपीयू.स्टॅट' मधले 'एनआर_पीरियड्स', 'एनआर_थ्रॉटल्ड' आणि 'थ्रॉटल्ड_यूसेक' हे आकडे चाचणीच्या आधी आणि नंतर टिपून वजाबाकी करा.

कर्नल ५.४ च्या आधीचा असेल तर आणखी सावध राहा. सीपीयूंना कोट्यातले तुकडे वाटले जातात, ५ मिलिसेकंदांचा एक. पूर्वी न वापरलेला तुकडा मुदत संपली की वाया जायचा. भरपूर कोर आणि थोडं-थोडं काम करणारे थ्रेड असले की कोटा पुरता वापरला नसतानाही गट थांबवला जायचा. ५.४ मध्ये ही मुदतच काढून टाकली. आवृत्ती न लिहिता दिलेला सीपीयूचा आकडा म्हणूनच निरुपयोगी असतो. ६.६ पासून तर शेड्युलरची निवड करायची पद्धतच बदलली आहे.

८. आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं)

थोडक्यात. 'आयओ.मॅक्स' मध्ये पूर्ण डिस्कचा क्रमांक द्यायचा, पार्टिशनचा चालत नाही. 'फायो' आधी डायरेक्ट लिहिण्याने चालवा, मग बफरमधून. बफरमधलं लिहिणं नंतर कर्नल स्वतः डिस्कवर उतरवतो, आणि ते योग्य सीग्रुपच्या नावावर पडण्यासाठी मेमरी व आयओ दोन्ही कंट्रोलर चालू लागतात, शिवाय फाइल सिस्टीमची साथही लागते. एक्स्ट४ आणि बीटीआरएफएस ती देतात.

९. स्थिरता: वेगळा कर्नल, वेगळे दिवस

वरखर्च आणि स्थिरता एकाच कर्नलवर मोजू नका. स्थिरतेसाठी 'केसॅन', 'लॉकडेप' आणि 'केमेमलीक' चालू करून वेगळा कर्नल बांधा. ते कर्नलला चांगलंच मंदावतात, पण चुकीची मेमरी, उलटसुलट कुलपं आणि गळती पकडून देतात.

मशीन मेलं की त्याच्या डिस्कवरचा लॉग बहुधा शेवटच्या ओळींआधीच तुटलेला असतो, आणि हव्या असतात त्याच ओळी. म्हणून 'नेटकन्सोल' किंवा सिरियल केबलने लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा.

सुरुवातीला '/प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड' वाचा. ० असायला हवं. शेवटी परत वाचा. ५१२ वाढले असतील तर कुठेतरी कर्नलने इशारा छापला आहे, १२८ म्हणजे ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक), १६,३८४ म्हणजे सॉफ्ट लॉकअप (सीपीयू कर्नलमध्येच बराच वेळ अडकणं). लॉग लांबलचक असतो आणि रात्री तीन वाजताची ओळ नजरेतून निसटते, हा एक आकडा निसटत नाही.

आधी तयार चाचण्या चालवा: कर्नल सोर्समधल्या 'सेल्फटेस्ट्स' खालची 'सीग्रुप' डिरेक्टरी आणि लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमधला 'कंट्रोलर्स' चा संच. त्या पार पडल्या की स्वतःचा छळ सुरू करा. मी हे पाच एकदम चालवतो:

- हजारो सीग्रुप करणं, प्रत्येकात प्रोसेस टाकणं, ती संपली की 'आरएमडिर'.
- प्रोसेस दोन सीग्रुपांमध्ये सतत इकडून तिकडे हलवणं.
- काम चालू असताना 'मेमरी.मॅक्स' वर-खाली करणं, वापराच्या खालीसुद्धा.
- 'पीआयडीज.मॅक्स' (प्रोसेसच्या संख्येची मर्यादा) लावून आत फोर्क बॉम्ब, म्हणजे स्वतःच्या प्रती काढतच राहणारा प्रोग्रॅम.
- यातलं सगळं चालू असताना एकेक सीपीयू बंद-चालू करणं. प्रत्येक सीपीयूच्या खिशात आगाऊ उचललेली पानं असतात, ती नीट परत जातात का ते यातून कळतं.

मेमरी संपवण्याच्या चाचणीत नवखे हमखास एका ठिकाणी अडतात. मर्यादा २०० एमबी, प्रोग्रॅम ५०० एमबी मागतो, तरी मरत नाही. कारण स्वॅप उघडा आहे, जादा पानं तिकडे जातात. 'मेमरी.स्वॅप.मॅक्स' ० करा. मग 'मेमरी.इव्हेंट्स' मध्ये 'ओओएम_किल' (मेमरी संपल्याने मारलेल्या प्रोसेसची संख्या) वाढतो का ते बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या सीग्रुपमधली प्रोसेस जिवंत आहे ना ते बघा. 'मेमरी.हाय' ओलांडल्यावर मात्र कोणी मरत नाही, फक्त हळू होतं. ती चूक समजून कळवू नका.

निदान २४ तास चालू द्या, जमल्यास ७२. दर मिनिटाला मुळाच्या 'सीग्रुप.स्टॅट' मधला 'एनआर_डाइंग_डिसेंडंट्स' टिपा. डिरेक्टरी काढली तरी तिच्या खात्यावर पेज कॅश शिल्लक असेल तर आतली रचना मरत नाही, रेंगाळते. आकडा चढला म्हणून लगेच दोष समजू नका. चाचणी थांबवा, 'ड्रॉप_कॅशेस' मध्ये ३ लिहा, थोडा वेळ द्या. खाली आला तर ठीक. तसाच राहिला तर गळतीची शंका घ्यायला जागा आहे. मेमरी सीग्रुपचा आतला क्रमांक १६ बिटांचा असतो, म्हणजे साधारण ६५,५३५ नंतर 'एमकेडिर' नकार देऊ लागतं. समोर सीग्रुप तर मोजून दहा दिसतात. हा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला आहे. मशीन चालू, मेमरी भरपूर मोकळी, आणि नवा कंटेनर काही केल्या सुरू होईना.

सगळं थांबवल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येक आकडा सुरुवातीच्या आकड्याशी ताडा: सीग्रुपची संख्या, स्लॅबची (कर्नलच्या स्वतःच्या रचनांची) मेमरी, मोकळी मेमरी, 'टेंटेड'.

१०. निकाल लिहिताना

कर्नलची आवृत्ती, कॉन्फिग, बूट पर्याय, सीपीयूचं मॉडेल, कोर, मेमरी, गव्हर्नर, टर्बो, ह्यूज पेजची अवस्था, पीएसआयची अवस्था. मग प्रत्येक चाचणीसाठी कोणत्या दोन अवस्था ताडल्या, किती बूट, किती रीडिंग, मध्यक आणि विचलन. त्याच्याच शेजारी अ१–अ२ चा फरक, तळटीपेत नव्हे. वाचणाऱ्याची नजर आधी त्या आकड्यावर पडू द्या.

गाळलेली रीडिंगही कारणासकट लिहा. "आकडा फार वेगळा होता" हे कारण होत नाही. "त्या वेळी अपडेटचा टायमर सुटला, लॉगमध्ये दिसतो" हे होतं. कच्ची रीडिंग जशीच्या तशी जोडून ठेवा, चाचणीच्या स्क्रिप्टसह. नवा कर्नल आला की तीच स्क्रिप्ट त्याच मशीनवर चालवायची असते, आणि तेव्हा 'ड्रॉप_कॅशेस' आपण फेरीच्या आधी केलं होतं की नंतर, हे फक्त स्क्रिप्टच सांगू शकते.